दगड कुणी मारला, ते मी पाहिलंय

मला सोफ्यावर बसवलं. सात वर्षं तो सोफा मी पुसत होते. बसले त्या दिवशी पहिल्यांदा. बसले म्हणजे कडेला टेकले. टीव्हीवाला म्हणाला, "मावशी, जरा आत सरका. आरामात बसा." मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग सरकले.

घर बेळगावातलं, टिळकवाडीतलं. साहेब मराठी पेपर काढतात, सीमाप्रश्नाच्या संघटनेत मोठे आहेत. मी त्यांच्याकडे धुणी, भांडी, दुपारचा स्वयंपाक करत होते.

टीव्हीवाला यायच्या आधी वहिनींनी मला आत नेलं. त्यांची जुनी हिरवी साडी नेसायला दिली. हिरव्या बांगड्या दिल्या. मग कुंकवाचा करंडा पुढे केला.

मी म्हटलं, "वहिनी, मी न्हाय लावत."

आम्ही बौद्ध. हे त्यांना सात वर्षं माहीत होतं. म्हणून तर माझा कप वेगळा, मागच्या खिडकीत पालथा.

"आजच्या दिवस लाव," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर मोकळं कपाळ बरं दिसत नाही. नवरा जिवंत आहे ना तुझा?" आणि त्यांनीच बोट बुडवून लावलं. सात वर्षांत त्यांचा हात माझ्या अंगाला लागला तो तेव्हा.

नवरा जिवंत होता. सिव्हिल हॉस्पिटलात पडला होता. कपाळ फुटलेलं, जबडा बांधलेला, नळीनं पाणी घेत होता. आणि मी इथं दुसऱ्याची साडी नेसून.

साहेबांनी मला वाक्य पाठ करायला दिलं. "एवढंच म्हण. 'मराठी बोलतो म्हणून माझ्या नवऱ्याला मारलं.' जास्त बोलायची गरज नाही. तुला जमणार पण नाही."

खरं आहे. मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण तो फुटला नाही त्याचं कारण त्या दिवशी वेगळं होतं. कॅमेऱ्याच्या मागे साहेबांचा पुतण्या उजेडाचा दिवा धरून उभा होता. सगळा उजेड माझ्या तोंडावर. तो स्वतः अंधारात.

टीव्हीवाल्यानं विचारलं, "त्यांनी तुम्हाला कन्नडमध्ये शिव्या दिल्या?"

मी म्हटलं, "शिव्या दिल्या. लई दगड आलं."

"कन्नड संघटनेचेच लोक होते ना?"

मी दिव्याकडे बघितलं. डोळे दिपले. मान खाली घातली.

टीव्हीवाला कॅमेऱ्याकडे वळला. "बघा. ही माऊली इतकी घाबरली आहे की बोलूही शकत नाही."

ते गेले. वहिनी म्हणाल्या, "साडी इथंच सोडून ठेव. आणि सोफ्यावर ओलं फडकं मार."

मी बसले होते ती जागा मी पुसली. माझ्याच हातानं.

काय झालं होतं ते आता सांगते. टीव्हीवर ते आलं नाही.

एक नोव्हेंबरला बेळगावात दोन गावं होतात. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव. लाल-पिवळे झेंडे, गाणी. दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिवस. दंडाला काळ्या फिती, भगवे झेंडे. माझा नवरा टेम्पो चालवतो. बेळगुंदीची रताळी मार्केट यार्डात नेऊन टाकतो. त्याला दोन्ही गावांतून जावं लागतं. म्हणून त्याच्या सीटखाली दोन झेंडे असतात. एक भगवा, एक लाल-पिवळा. बेळगुंदीकडून निघताना आरशाला भगवा. रेल्वे फाटक आलं की तो काढायचा, लाल-पिवळा लावायचा. परत येताना उलटं. तो एकटाच नाही, सगळे टेम्पोवाले हे करतात. कुणाला कुणाची लाज नाही. फाटक बंद असतं, गाड्या थांबतात, आणि सगळे ड्रायव्हर हात बाहेर काढून झेंडे बदलत बसतात. एकदा एक जण नवऱ्याला म्हणाला होता, "आप्पा, लुगडं बदलल्यागत वाटतंय बघ." सगळे हसले होते.

त्या दिवशी परत येताना त्यानं मला टिळकवाडीच्या कोपऱ्यावर घेतलं. मी शेजारी बसले. फाटकापाशी आलो. फाटक उघडं होतं.

उघडं होतं म्हणून तो थांबला नाही. थांबला नाही म्हणून झेंडा बदलला नाही. इतकीच चूक.

पुढच्या वळणावर मोर्चातून पांगलेली पोरं उभी होती. दहा-पंधरा. तोंडाला भगवी फडकी. त्यांनी आरशावरचा लाल-पिवळा बघितला. निळ्या शर्टातल्या एकानं हात उगारला. पहिला दगड पुढच्या काचेतून आला आणि नवऱ्याच्या कपाळावर बसला. टेम्पो भिंतीवर गेला. त्याचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. पोरं पत्र्यावर काठ्या मारायला लागली.

मी ओरडले. जन्मात ओरडले नसेन तशी. "आमी मराठीच हाय रं! मराठीच हाय!"

तोच निळ्या शर्टातला खिडकीपाशी आला. "मग हे फडकं कशाला बांधलाईस गं, रांडे?"

तोंड बांधलेलं होतं. पण आवाज मी ओळखला. शर्टही ओळखला. निळा, बारीक चौकटीचा. आदल्या दिवशी मीच धुतला होता. वरून तिसरं बटण तुटलं होतं. तसला पांढरा मिळाला नाही म्हणून मी काळं लावलं होतं. ते काळं बटण माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं आणि त्याच्या हातात दुसरा दगड होता.

त्यानंही मला बघितलं. ओळखलं. क्षणभर तसाच उभा राहिला. मग दगड टाकला आणि पळाला. मागोमाग सगळे.

साहेबांचा पुतण्या. रोज माझ्या हातचे पोहे खाणारा. दिवा धरून उभा होता तोच.

दार चेपलं होतं. डिझेलचा वास सुटला होता. मी ओढत होते, निघत नव्हतं. तेव्हा शिवाण्णा धावत आला. शिवाण्णा आमच्या गल्लीत समोर राहतो. वळणावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. घरी कन्नड बोलतो, आमच्याशी मराठी बोलतो, म्हशीशी दोन्ही. हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. टॉमी दारात घालून त्यानं दार उचकटलं आणि नवऱ्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. आपल्याच अंगावर घेतलं. शर्ट रक्तानं भिजला त्याचा.

हे कुणीतरी मोबाईलवर घेतलं. आधीचं नाही घेतलं. दगड नाही, पोरं नाहीत. फक्त हेच. एक माणूस, हातात लोखंड, दुसऱ्याला कॉलर धरून ओढतोय.

मला सोफ्यावर बसवलं त्या संध्याकाळी मराठी चॅनेलवर तेवढंच परत परत. टॉमीभोवती लाल गोल. खाली मोठी अक्षरं: कन्नड गुंडांचा हैदोस. दुसऱ्या खिडकीत माझं तोंड. कुंकू, हिरवी साडी, मान खाली. आवाज नाही. मी गप्प बसले ते त्यांनी साक्ष म्हणून वापरलं.

कन्नड चॅनेलवरही तेच चित्र. तिथं लाल गोल आरशावरच्या झेंड्याभोवती. आमचा झेंडा चोरून नेणाऱ्या मराठी गुंडाला आमच्या माणसानं पकडलं, असं.

एकच चित्र. दोन गोल. खरं दोन्ही गोलांच्या बाहेर.

मग रात्रंदिवस चर्चा. साहेब एका खिडकीत, बंगळुरूचा कुणीतरी दुसऱ्या खिडकीत. दोघं ओरडतात. अस्मिता. अत्याचार. रक्त. रक्त कुणाचं, त्याचं नाव काय, तो कुठं पडलाय, त्याला आज लघवी झाली का, कुणी विचारलं नाही. जाहिरात लागली की दोघं पाणी पीत असतील.

मी निपाणीकडची. चौथीनंतर वही सुटली, मांडीवर सूप आलं. विड्या वळल्या. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला माणूस मूठभर विड्या बाजूला काढायचा. छाट म्हणायचा. ही सैल, ही आखूड. ती फेकून देत नव्हता. आम्हाला देतही नव्हता. स्वतःच ठेवून घ्यायचा. आई म्हणायची, बोलू नको, उद्या वळायला पान मिळणार नाही. म्हणून मी बोलले नाही. बोलायचं नाही हे मी तिथं शिकले. चौथीतलं बरंच विसरले, हे विसरले नाही.

टीव्ही बघताना तेच आठवलं. माझ्या तोंडातून आलेलं त्यांनी वेचलं, नको ते काढलं, आणि काढलेलंही मला परत मिळालं नाही.

मराठी माझी पण आहे. साहेबांनी ती मला दिलेली नाही. मी हिच्यातच रडते, हिच्यातच भांडते. रेशनच्या ऑफिसात कन्नड कागद पुढे टाकतात आणि "बरकोड री" म्हणतात. लिहा म्हणे. मला वाचता येत नाही, दुसऱ्याच्या पाया पडावं लागतं. तो अपमान खरा आहे. तो राग खरा आहे. पण तो राग माझा आहे. साहेबांच्या घरी तिन्ही पोरं इंग्रजी शाळेत शिकली. माझ्या रागावर त्यांनी पेपर चालवला आणि मला खिडकीतला कप दिला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी दोन्हीकडची चार-चार माणसं उचलली. बरोबरी दिसली पाहिजे म्हणून. कन्नडच्या चारांत शिवाण्णाला घेतलं. चित्रात हातात लोखंड होतं ना. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा. मराठीच्या चारांत पुतण्या नव्हता.

गौरव्वा आमच्या दारात आली. शिवाण्णाची बायको. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली. एक हात उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाली, "नीनु नोडिदियल्लव्वा." तू तर बघितलंयस.

एवढंच. उठून गेली.

मी घरात भाकरी थापत होते. थापता येईना. ती मला खोटारडी म्हणाली नव्हती. मी पाहिलंय, एवढंच म्हणाली. म्हणजे तो आत बसलाय तो माझ्या तोंडामुळे. मी खोटं बोलले नाही, पण माझ्या गप्प बसण्यानं माणूस आत गेला. त्यानं माझ्या नवऱ्याला वाचवलं आणि मी त्याला आत घातलं. ही लाज कुंकवापेक्षा मोठी होती. सोफ्यावरच्या फडक्यापेक्षा मोठी होती.

आठवडाभरानं साहेबांनी परत बोलावलं. आता थेट चर्चा होती. मुंबईहून बाई विचारणार, साहेब आणि मी इथून. वहिनींनी साडी काढून ठेवली होती. करंडाही.

मी म्हटलं, "माझी साडी हाय अंगावर."

"ही धुतलेली तरी आहे का?"

"व्हय. तुमची पण मीच धुती."

साहेब घाईत होते. म्हणाले, "राहू दे, राहू दे. गरीब दिसली तर उलट बरं."

कानात काहीतरी बोंडासारखं घातलं. मोबाईल स्टँडवर लावला. साहेब शेजारी. मुंबईची बाई दहा मिनिटं स्वतःच बोलली. मग म्हणाली, "आपल्यासोबत त्या पीडित ताई आहेत. ताई, त्या दिवशी नक्की काय घडलं? न घाबरता सांगा."

मला गौरव्वाचा उंबऱ्यावरचा हात दिसत होता. मी डोळे मिटले आणि बोलले.

"दगड मराठी पोरांनी मारला. आमी मराठी हाय म्हणून वरडले, तरी ऐकलं न्हाय. शिवाण्णानं माझ्या नवऱ्याला वाचवलंय. त्यो कन्नड हाय. त्याला सोडा."

मी डोळे उघडले. साहेबांनी मोबाईल ओढून घेतला होता. पण कानातलं बोंड अजून कानात होतं. त्यातून मुंबईची बाई म्हणत होती, "आवाज नीट येत नाहीये. आपण ताईंशी पुन्हा संपर्क करू."

केला नाही. अजून केला नाही.

साहेब मला म्हणाले, "कुणी शिकवलं तुला हे?"

मी म्हटलं, "शिकवत तर तुमीच हुता, सायेब."

"चळवळीचं काय नुकसान केलंस कळतंय का तुला? साठ-सत्तर वर्षांचा लढा आहे हा. तुझ्या एका वाक्यानं..."

"माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला, सायेब. त्यो कशात धरलाय तुमी?"

पुतण्या दारात उभा होता. त्याला वाटलं मी आता त्याचं नाव घेणार. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं नाव मला त्या घरात घ्यायचं नव्हतं. तिथं घेतलं असतं तर तिथंच जिरवलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "आमच्या अन्नाला जागली नाहीस."

"अन्न मीच शिजवलंय, वहिनी. सात वर्षं."

मी निघाले. काम गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पेपरात आलं की कन्नड संघटनांनी एका गरीब मराठी महिलेवर दबाव आणला. गल्लीतल्या पोरांच्या मोबाईलवर माझा कुंकवाचा फोटो फिरला. खाली लिहिलेलं: विकली गेलेली.

आणि लगेच दुसरे आले. कन्नड चॅनेलची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाला. त्यांना माझं ते एक वाक्य लई आवडलं होतं. पहिलंच. दगड मराठी पोरांनी मारला. दिवसभर तेच वाजवलं. शिवाण्णाला सोडा, हे पुढचं वाक्य त्यांनीही काढून टाकलं. का, ते मी त्यांनाच विचारलं. मोडक्या कन्नडमध्ये.

गळ्यात लाल-पिवळं उपरणं घातलेला एक जण म्हणाला, "ते पोलीस बघतील अक्का. तुम्ही आधी हे धरा." आणि माझ्या हातात झेंडा दिला. "म्हणा, मराठी संघटना गुंडांच्या आहेत. कर्नाटकात आम्ही सुखी आहोत."

मी विचारलं, "शिवाण्णा सुटेल?"

"तो एक माणूस आहे हो अक्का. हा राज्याचा प्रश्न आहे."

तिकडे लढ्याचा प्रश्न. इकडे राज्याचा प्रश्न. माणूस दोन्हीकडे एकच, आणि तो आत. मी झेंडा त्याच्या हातात परत दिला. तो म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" मी दार लावून घेतलं.

त्यानंतर मी एकटी पोलीस ठाण्यात गेले. सकाळी दहाला. हवालदारानं माझं बोलणं कन्नडमध्ये लिहून घेतलं आणि अंगठ्याची शाई पुढे केली.

मी म्हटलं, "मला सही येती. पण आधी वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. मला कन्नड वाचता येत नाही, कानाला समजतं. त्यानं लिहिलं होतं, अनोळखी लोकांनी दगड मारला.

"अनोळखी न्हाय. मी नाव सांगितलंय."

"तोंड बांधलेलं होतं म्हणालीस नं?"

"शर्ट सांगितला. बटण सांगितलं. आवाज सांगितला. त्यो काय बोलला ते सांगितलं. तेवढं सगळं लिवा."

त्यानं पेन खाली ठेवलं. मराठीत, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "अक्का, घरात लेकरं हायती. मोठ्या माणसांची नावं कशाला घेतीस? शिवाण्णाला जामीन मिळंल आज न उद्या. गप सही कर आणि जा."

मी बाकावर जाऊन बसले. भांडले नाही. मला भांडता येत नाही. बसता येतं. सूप मांडीवर घेऊन बारा-बारा तास बसलेली बाई मी. जेवायची सुट्टी झाली, मी बसले. माणसं आली गेली, मी बसले. चार वाजता त्यानं नवा कागद घेतला. कचाकचा लिहिलं. वाचून दाखवलं. नाव होतं. शर्ट होता. काळं बटण होतं. शिवाण्णानं दार उचकटलं, वाचवलं, तेही होतं. मी मराठीत सही केली.

शिवाण्णा जामिनावर सुटलाय. त्याच्यावरचा गुन्हा तसाच आहे. दुकान बंद आहे. त्याच्याच लोकांनी त्याला विचारलं, मराठी माणसाला कशाला वाचवलंस. तो त्यांना काय म्हणाला ते मला माहीत नाही. माझ्याशी तो याबद्दल बोलत नाही. टॉमी पोलिसांकडे जमा आहे.

नवरा घरी आलाय. जबडा पुरता उघडत नाही. तो म्हणतो, "नाव मागं घे गं. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय. टेम्पो याच रस्त्यानं जाणार."

मी म्हटलं, "म्हणूनच."

साहेबांचा निरोप दोनदा आला. टेम्पोची काच, दवाखाना, सगळं बघतील म्हणे. फक्त कोर्टात 'नीट दिसलं नाही' असं म्हणायचं. तीनच शब्द. मला पाठ होतील म्हणे.

नाही होणार.

तारखेला मी जाणार आहे. पुतण्याचं नाव आता कागदावर आहे, त्यालाही यावं लागेल. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तिथं तर भरलेलं कोर्ट असेल. आवाज अडखळेल. अडखळू दे. वकील विचारेल, तू मराठी की कन्नडवाल्यांची. बाहेर दोन्ही गाड्या उभ्या असतील, दोन्ही झेंडे असतील. त्यांना काय दाखवायचं ते दाखवू देत. मला बोलायचंय ते जज्जासमोर बोलायचंय, मध्ये कुणी कापायला नसेल तिथं. शिवाण्णाकडे बोट करून सांगणार, ह्यानं काढलं. मग हात फिरवून साहेबांच्या पुतण्याकडे बोट करणार. ह्यानं मारलं. आणि कुणी दहादा विचारलं तरी दहादा तेच सांगणार.